माझ्या खटक्यावरची चिकटपट्टी

मी हेडसेट बोलतोय. बोलतोय हे आपलं म्हणायचं म्हणून. माझ्या बोलण्याच्या खटक्यावर कित्येक वर्षं काळी चिकटपट्टी आहे, त्यामुळे माझा सगळा कारभार ऐकण्याचा. पण आज तुम्ही निवांत बसलाच आहात आणि मला गप्प करायला इथे कुणी नाही, तर एकदाचं मन मोकळं करून घेतो.

तुम्ही घरी बसून सकाळचा गप्पांचा कार्यक्रम बघता तेव्हा तुम्हाला सोफा दिसतो, दोन कुंड्या दिसतात आणि गोड हसणारी निवेदिका दिसते. कॅमेऱ्याच्या अलीकडे अंधारात दहाबारा माणसं उभी असतात, ती दिसत नाहीत. त्यांच्या डोक्यावर आम्ही असतो. वरच्या मजल्यावर काचेची एक खोली आहे, कंट्रोल रूम. तिथून हुकूम सुटतात आणि आमच्यातून खालच्यांच्या कानात पडतात. खालच्या कुणाला वर काही सांगायचं असलं, तर कमरेच्या डबीवरचा बारीक खटका वर करायचा आणि बोलायचं. खटका खाली असला की तुम्ही कितीही ओरडा, वर कुणाला पत्ता लागत नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. एका बाईंनी माझ्या दोन्ही कानांवर मऊ स्पंज चढवले, तोंडापुढची दांडी वाकवून बघितली आणि म्हणाल्या, "एक, दोन. एक, दोन." हे मी ऐकलेले पहिले शब्द. मला वाटलं, जगात लोक एकमेकांशी एवढंच बोलत असतील. नंतर स्टुडिओत आलो आणि कळलं, लोक बरंच काही बोलतात. ऐकणारा असला तर.

सुरुवातीला माझा थाट होता. मी फ्लोअर मॅनेजरच्या डोक्यावर असायचो. फ्लोअर मॅनेजर म्हणजे खालचा कारभारी. पाहुणा कुठे बसेल, निवेदिकेनं कधी बोलायला लागायचं, कुणी शिंकायचं नाही, हे सगळं तो हातवाऱ्यांनी सांगतो. सगळे त्याला दादा म्हणतात. तेव्हा दादाला केस होते, मी त्यांच्यावर मजेत बसायचो. पुढे त्याचे केस गेले आणि माझे स्पंज फाटले. नवे हेडसेट आले आणि मी एकेक खुंटी मागे सरकत शेवटच्या खुंटीवर आलो. शेवटची खुंटी शिकाऊ माणसाची.

दर थोड्या महिन्यांनी आमच्याकडे एक नवं माणूस शिकायला येतं. त्याला नाव नसतं, "ए नवा" किंवा "ए नवी" म्हटलं की भागतं. पाणी आणायचं, पाहुण्याला खुर्चीपर्यंत न्यायचं, वायरीत कुणाचा पाय अडकू नये म्हणून जमिनीकडे बघत राहायचं. मुदत संपली की दोन गोष्टी होतात. एक तर कुणी तरी खांद्यावर हात ठेवून "ऑल द बेस्ट" म्हणतं, नाहीतर त्याला कामावर ठेवून घेतात. ठेवून घेतलेले मी फार थोडे बघितले.

चिकटपट्टीची गोष्ट अशाच एका नव्याची. तो बिचारा खटका खाली करायला विसरला आणि भर कार्यक्रमात शेजारच्याला कुजबुजला, "मॅडमना आज घरी कुणी तरी फटकावलेलं दिसतंय." मॅडम म्हणजे वरच्या काचेच्या खोलीतल्या मुख्य. हे वाक्य मॅडमच्या, कॅमेरावाल्यांच्या, आवाजवाल्याच्या, झाडून सगळ्यांच्या कानात गेलं. एक कॅमेरा हसून हसून हलला म्हणे. त्या दुपारी दादानं चिकटपट्टीचा रोल काढला, माझा खटका खाली दाबला आणि वरून तीन वेढे गुंडाळले. "नव्यानं कान द्यायचे, तोंड नाही," तो म्हणाला. तेव्हापासून हाच आमच्याकडचा नियम. पट्टी जुनी झाली की दादा नवी लावतो, आणि नवं येणारं माणूस ती सुटेल का हे कधी विचारत नाही.

तर मग ती आली, आमची नवी.

तिचं डोकं लहान होतं, मी सारखा घसरायचो. मग तिनं केसांच्या दोन पिना लावून मला बसवलं आणि दोन्ही कानांच्या फाटक्या स्पंजांवर जुन्या मोज्याचे तुकडे शिवून टाकले. माझ्यासाठी इतकं कुणी केलं नव्हतं. काम संपलं की बाकीचे आम्हाला खुंटीवर भिरकावतात. ही माझी वायर नीट वेटोळी करून ठेवायची, आणि ते करता करता आईशी फोनवर बोलायची. तिचं घर मी असंच ऐकून ऐकून ओळखीचं करून घेतलं. वडिलांना हे काम पसंत नव्हतं. "टीव्हीत गेली, टीव्हीत गेली म्हणता, दिसते का कुठे?" असं ते जेवताना रोज विचारायचे. आई मात्र पोरीच्या बाजूनं. ती रोज सकाळी हातातलं काम टाकून टीव्हीसमोर ठाण मांडून बसायची.

"आई, मी कॅमेऱ्याच्या मागे असते गं. मी दिसायची नाही."

"दिसलीस की! आज तुझा कोपर दिसला."

खरंच दिसला होता. पाहुण्याचा पेला उचलताना तिचा कोपर चौकटीत घुसला होता आणि मॅडम माझ्यातून कडाडल्या होत्या, "कुणाचा तो हात? घरी पाठवा त्या हाताला!" पोरगी दिवसभर तोंड पाडून होती. तिकडे आईनं तो कोपर शेजारणींना, आत्याला, मावशीला फोन करकरून सांगितला होता. असा आनंद मोडवत नाही. ती एवढंच म्हणाली, "हो आई, माझाच होता."

मुदत संपत आली होती. तिला काही तरी करून दाखवायचं होतं, पण पाणी आणून काय दाखवणार? वर मॅडमना ती माहीत होती ती कोपर म्हणूनच.

त्या दिवशीचे पाहुणे म्हणजे एक म्हातारे शिंपीकाका. सगळ्या वस्तीतल्या मुलांचे शाळेचे गणवेश त्यांनी शिवलेले. काका आले ते गळ्यात मापाची टेप घालूनच. आवाजवाला म्हणाला, "काका, ही माइकला घासते, काढावी लागेल." काकांनी ती काढली, पण ठेवावी कुठे ते त्यांना सुचेना. नवीनं हात पुढे केला. "माझ्याकडे द्या, मी सांभाळते."

ती त्यांना पाणी द्यायला खाली वाकली, तेव्हा काका हळूच बोलले. माझे कान तिच्या कानावर होते म्हणून मलाही ऐकू आलं.

"पोरी, एक काम करशील? लेकीचं काही विचारू नका म्हणावं."

"का हो काका?"

"बोलत नाही ती माझ्याशी. मीच तोंडाचा फटकळ, नको ते बोलून बसलो. गेली निघून. आज ती टीव्ही लावेल, तिच्या मैत्रिणीनं निरोप दिलाय. तिला मी हसताना दिसलो पाहिजे. शेवटचं बघितलं तेव्हा मी नुसता ओरडत होतो." मग त्यांनी रिकाम्या गळ्यावरून हात फिरवला. "सगळ्या पोरांची मापं पाठ आहेत मला. तिचं माप आता ठाऊक नाही."

माझ्या खटक्यावर पट्टी नसती तर तिनं तिथूनच दोन शब्दांत वर कळवलं असतं, "मुलीचा विषय नको." तेवढ्यावर भागलं असतं. पण तोंड बंद, म्हणून ती मला डोक्यावर घेऊन जिने चढून वर गेली.

मॅडम कागद चाळत होत्या. "काय गं?"

"मॅडम, काकांनी सांगितलंय, मुलीबद्दल काही विचारू नका."

मॅडमनी मान वर केली. तिच्याकडे त्यांनी नीट बघितलं ते तेव्हा पहिल्यांदा. "मुलगी? त्यांना मुलगी आहे? आपल्याला कुणी बोललं नाही. बस ना. काय झालंय नक्की?"

बस ना! या दोन शब्दांनी घात केला. तिला वाटलं, सगळं नीट समजावून सांगितलं की ही माणसं नीट काळजी घेतील. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला सांगू. खुर्चीच्या कडेवर बसून तिनं सगळं सांगितलं. भांडण, मैत्रिणीचा निरोप, हसताना दिसायचंय ते, आणि मापाचं ते वाक्यसुद्धा, काकांच्याच शब्दांत.

"बरं झालं सांगितलंस," मॅडम म्हणाल्या. "शाबास."

ती जिने उतरली ते जवळजवळ उड्या मारतच. खाली येऊन काकांना तिनं अंगठा दाखवला, म्हणजे काम झालं. काकांनी मान डोलावली आणि ऐसपैस बसले.

कार्यक्रम सुरू झाला. काका रंगात आले. कुठल्या मुलाच्या खिशात बेडूक निघाला, कुठली आई दोन वर्षं पुरेल म्हणून एवढा मोठा शर्ट शिवून घ्यायची की पोरगं त्यात शोधावं लागायचं. निवेदिका मनापासून हसत होती. कॅमेरावाले गालात हसत होते. आमची नवी काकांची टेप बोटांना गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत उभी होती. मला वाटलं, आजचा दिवस सोन्याचा.

तेवढ्यात वरून मॅडमचा आवाज आला. "गोड आहे, पण थंड आहे. आता मुलीचा विषय काढ. ते मापाचं वाक्य मी तुला मघाशी दिलंय ना, ते."

हे निवेदिकेच्या कानातल्या बारीक यंत्रासाठी होतं, पण मलाही ऐकू येतं. आणि माझ्यामुळे नवीला.

ती आधी दादाकडे गेली, त्याची बाही ओढली. दादानं मागे न बघता बोट ओठांवर ठेवलं. मग तिचा हात कमरेच्या डबीवर आला. पट्टी! तिला पट्टीचं टोक सापडेना. काळ्यावर काळी, वेढ्यावर वेढा, दादानं घोटून घोटून बसवलेली. ती नखानं खरवडत होती. एक नख तुटलं. मी इकडे सगळं बळ एकवटून तो खटका आतून वर ढकलायचा म्हणत होतो, पण मला कसलं बळ! मी ऐकणारी वस्तू. खटका माझा, पण तो माणसाच्या बोटाशिवाय हलत नाही.

निवेदिका क्षणभर थांबली. तिलाही जड गेलं असावं, ती वर काचेकडे बघत होती.

"विचार," वरून आवाज आला.

"काका," निवेदिका म्हणाली, "वस्तीतल्या सगळ्या मुलांची मापं तुम्हाला पाठ आहेत. तुमच्या स्वतःच्या मुलीचं माप आठवतं का हो?"

काकांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, काढून ठेवायला विसरल्यासारखं. मग त्यांनी मान वळवली आणि अंधारात बघितलं. त्यांना आम्ही दिसत नव्हतो, दिवे डोळ्यांवर होते. तरी ते बरोबर तिच्याच दिशेनं बघत होते. ते वाक्य त्यांनी जगात एकाच माणसाला सांगितलं होतं.

हात आपसूक गळ्याकडे गेला. तिथे टेप नव्हती. मग त्यांना रडू फुटलं.

"दोन नंबर कॅमेरा, जवळ जा," माझ्यातून मॅडम म्हणाल्या. "अजून जवळ. हात दाखव. थांब तिथेच. कुणी हलायचं नाही. फारच छान."

हे सगळं मला तिच्या कानात ओतावं लागलं. मी निरोप्या, मला निरोप अडवता येत नाही. तिच्या दोन्ही कानांत, आणि माझे स्पंज तर मोज्याच्या तुकड्यांनी तिनंच मऊ केलेले. तिला मला उपटून फेकून देता आलं असतं, पण ती तशीच उभी राहिली आणि शेवटपर्यंत ऐकत राहिली. पट्टी सुटली तेव्हा शेवटचं संगीत वाजत होतं.

बोलता आलं असतं तर काय झालं असतं, असं तुम्ही विचाराल. मॅडम थांबल्या असत्या? बहुधा नाही. तिला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं, हे नक्की. पण "नको" हा शब्द एकदा तरी सगळ्यांच्या कानात गेला असता. दादाच्या, दोन नंबरवाल्याच्या, निवेदिकेच्या. तो शब्द त्या दिवशी कुणाच्याच कानात गेला नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दिवे विझल्यावर ती काकांजवळ गेली. आवाजवाला त्यांचा माइक काढत होता. तिनं टेप पुढे केली.

काकांनी ती घेतली, गळ्यात घातली, दोन्ही टोकं सारखी केली. "सांगितलं होतंस ना तू त्यांना?"

"सांगितलं होतं, काका."

"मग तुझा काय दोष," ते म्हणाले आणि चहा न घेता निघून गेले. त्यांच्या लेकीनं तो कार्यक्रम बघितला की नाही, मला माहीत नाही. माझा कान तिथवर पोचत नाही.

मॅडम स्वतः खाली आल्या. त्या सहसा खाली येत नाहीत. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला वाटलं, झालं, आता "ऑल द बेस्ट". पण त्या म्हणाल्या, "तुला या कामाची जाण आहे. असे धागे नव्या लोकांना दिसत नाहीत. पुढच्या आठवड्यापासून तू माझ्याकडे, वर. पक्की." दादानं टाळी वाजवली. कॅमेरावाल्यांनीही वाजवली. ती "मॅडम, मी ते त्यासाठी..." एवढं म्हणाली आणि टाळ्यांत ते बुडालं. त्यांना वाटलं, पोरीला रडू आलं ते आनंदानं.

नंतर ती माझी वायर गुंडाळत होती तेव्हा आईचा फोन आला.

"काय गं ते काका! मी पदर डोळ्याला लावला तो काढलाच नाही. तू होतीस ना तिथे?"

"होते."

"आवाज का असा तुझा? अगं, त्या मुदतीचं काही कळलं का?"

तिनं गुंडाळलेली वायर सोडली आणि पहिल्यापासून गुंडाळायला घेतली. मी तिच्या हातात होतो, मला तिचा श्वास ऐकू येत होता. आता ही सांगेल, मी मनात म्हटलं, आईला तरी सांगेल.

"पक्की केली मला," ती म्हणाली.

तिकडून जी किंकाळी आली तिनं माझे जुने स्पंज थरथरले. "अहो, ऐकलंत का! पक्की झाली!" मग वडील फोनवर आले. ते खाकरले आणि म्हणाले, "बरं केलंस हो." इतकंच. पण तो माणूस तिच्या कामाबद्दल कधीच बरं बोलला नव्हता. आता मला सांगा, ती पोरगी काय बोलणार? माझ्या खटक्यावर पट्टी होती ती दिसत तरी होती.

ती वर गेली. तिला नवाकोरा हेडसेट मिळाला, खटक्यावर काही नसलेला. मी शेवटच्या खुंटीवर राहिलो, मोज्याच्या तुकड्यांसकट. आता मला तिचा आवाज वरून ऐकू येतो. "एक नंबर तयार. दिवे कमी. पाहुणे येतायत." चांगला स्वच्छ आवाज आहे. प्रत्येक वेळी पाहुण्याचा गळा भरून आला की माझे कान टवकारतात. "अजून जवळ" असं तिच्या आवाजात येतं की काय, अशी धास्ती असते. अजून आलेलं नाही. येणारच नाही असं मी छातीठोक सांगू शकत नाही. खोलीच तशी आहे, तिथे कागद चाळता चाळता माणसं बदलतात.

परवा नवीन नवा आला. भलताच बडबड्या. दादानं हसत हसत तिला खाली बोलावलं, रोल तिच्या हातात दिला. "आता तू मोठी झालीस. लाव बाई याच्या तोंडाला पट्टी."

सगळे बघत होते. वर काचेतून मॅडमही बघत होत्या. मी तिच्या ओळखीच्या हातात आलो. एका बोटाचं नख अजून आखूडच होतं. मला वाटलं, आता तरी ती रोल ठेवून देईल. पण तिनं खटका खाली दाबला. पट्टी फाडली, एक वेढा दिला, दुसरा दिला.

मी डोळे मिटले असते, पण मला पापण्या नाहीत. नुसता बघत राहिलो.

तिसऱ्या वेढ्याशी तिचा हात थांबला. पट्टी तोडून तिनं टोक दाबून बसवलं नाही. अंगठ्यानं ते आत दुमडलं, चिकट बाजू चिकट बाजूला, छोटासा पंख राहील असं. एका चिमटीत धरून ओढलं की सगळी पट्टी निघावी. मग तिनं मला नव्याच्या डोक्यावर चढवलं, त्याचं बोट धरून त्या दुमडलेल्या टोकावर ठेवलं आणि दादाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "हे कुठे आहे ते न बघता सापडलं पाहिजे तुला. रोज चाचपून बघत जा."

नवा नुसता मान हलवत होता. त्याला काय कळणार होतं!

माझं आता फार दिवस राहिलेलं नाही. डावा कान मधेच बंद पडतो, कधी तरी मला जुन्या वायरींच्या खोक्यात टाकतील. माझ्यासाठी तुम्ही काही करू नका. पण तुम्ही कुणाचे दादा असाल, कुणाच्या मॅडम असाल, तर एवढं ऐका. माझी ऐकण्यात हयात गेली, तुम्ही एकदा ऐका. नव्याच्या तोंडाला पट्टी लावल्यावाचून तुमचं काम चालतच नसेल, तर लावा बापडे. फक्त तिचं टोक दुमडून ठेवा.